हात जड लागला पाहिजे

साडी दाखवणाऱ्या माणसाचा खांदा गेला हे ऐकून लोक आधी हसतात. हसा. मीही हसलो असतो, पण हसताना खांदा हलतो.

माझा धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पैठण गेटच्या अलीकडं एका साड्यांच्या दुकानात मी आयुष्य गादीवर बसून काढलं. गावाकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला येतात, तेव्हा जीप भरून येतात. नवरीची आई, मावशी, आत्या, करवल्या, आणि ज्याला साडीतलं काही कळत नाही पण ज्याचा शब्द शेवटचा, असा एक मामा. ही मंडळी गादीसमोर एकदा बसली की दिवसभर हलत नाहीत. त्यांच्यापुढं साडी ठेवायची नसते, फेकायची असते. पदराची घडी उजव्या हातात धरायची आणि खांद्यातून एक झटका. साडी हवेत उलगडत जाते आणि पदर बरोबर नवरीच्या आईच्या गुडघ्यांवर जाऊन पडतो. मग आम्ही उभं राहून ती स्वतःच्या अंगावर लावून दाखवतो. मिशा असल्या तरी. माझ्या अंगावर जितके शालू चढले, तितके आमच्या अख्ख्या खानदानातल्या बायकांच्या अंगावर चढले नसतील.

तर असा हा माझा उजवा खांदा. त्याच्याविषयी मला फक्त एवढंच माहीत होतं की तो आहे.

डाग आत घालून घडी

दुखायला लागलं ते दंडावर. लहानपणी लस टोचल्याचा वण आहे ना, त्याच्या आसपास. शर्ट घालताना कळ यायची, मागच्या खिशातून पाकीट काढताना जीव जायचा. मी म्हटलं, उसण भरली असेल.

लग्नसराई होती. मी साडी फेकण्याची एक नवीन पद्धत काढली. आधी डावीकडं झुकायचं, खांदा कानापर्यंत उचलायचा, आणि मग कमरेतून हिसका देऊन हात भिरकावायचा. पदर जायचा बरोबर. फुलंब्रीकडची एक म्हातारी मात्र चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, साडी दाखवता का लेझीम खेळता?"

सगळी गादी हसली. मीही हसलो आणि आणखी जोरात लेझीम खेळलो.

माझ्या शेजारी रहीमभाई बसतात. आम्ही दोघं एकाच वर्षी दुकानात लागलो. ते म्हणाले, "वसंतभाई, डॉक्टर कू दिखाव. मजाक नक्को समझो इसकू."

मी दाखवलं, पण आधी डॉक्टरला नाही. आमच्या गल्लीत एक जण मालिश करून हाडं बसवतो, त्याला दाखवलं. त्यानं विचारलं, "कुठं दुखतं?" मी दंडावर बोट ठेवलं. त्यानं तिथं अंगठा रोवला आणि मला माझे मेलेले चुलते आठवले. त्याची चूक नाही. बोट मी दाखवलं होतं.

मग डॉक्टरकडं गेलो. तिथं तर मी कमालच केली. डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." मी काय केलं? दुकानातल्यासारखा झटका दिला आणि हात वर भिरकावला. एका दमात, कानाला चिकटला. डॉक्टर म्हणाले, "वर तर जातोय." मलम आणि गोळ्या घेऊन मी विजयी मुद्रेनं घरी आलो.

आमच्या धंद्यात साडीला कुठं डाग पडला, तर घडी अशी घालतात की डाग आत जातो. मी माझ्या खांद्याची तीच घडी घातली आणि डॉक्टरला माल दाखवून आलो. फरक एवढाच की डागी साडी गिऱ्हाईक घरी नेतं. हा माल मलाच घरी न्यायचा होता.

मी पाडला नाही

शेवटी एक दिवस चहाचा कप उचलता येईना, तेव्हा शोभा मला धरून हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. शोभा म्हणजे माझी बायको. ती घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि तिला डाग लपवलेली घडी लांबूनही दिसते.

हे डॉक्टर मला हात वर करा म्हणालेच नाहीत. त्यांनीच माझा हात धरला, बाजूनं वर नेला आणि म्हणाले, "आता हळूहळू खाली आणा." एवढं बोलून त्यांनी हात सोडला.

हात पडला. टेबलावर पेनांचा डबा होता, त्यावर. पेनं खोलीभर पसरली.

"मी पाडला नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले.

माझ्या आजाराचं निदान म्हणाल तर हे असं झालं. पुढं एमआरआयचा तो ठकठक वाजणारा बोगदा, काळे फोटो वगैरे झालं, पण मला जे कळायचं ते पेनं वेचतानाच कळलं. माझाच हात, मी त्याला थांब म्हणालो होतो आणि त्यानं ऐकलं नव्हतं. भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. दुखण्याची भीती निराळी असते. ही आपल्याच घरात आपलं कुणी ऐकत नाही अशातली होती.

फोटो आल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा हे लिंबू, आणि बशी अगदी उथळ. लिंबू घरंगळू नये म्हणून पाठीवरच्या फऱ्यापासून चार छोटे स्नायू येतात आणि त्याला धरून बसतात. एक पुढून, एक वरून, दोन मागून. बाहेरून जो गुबगुबीत दिसतो, जिममधली पोरं फुगवून दाखवतात, तो निराळा, मोठा. हात उचलण्याचं नाव त्याचं. पण हे चौघं लिंबू बशीवर दाबून धरतात म्हणून त्याला उचलता येतं. यांनी सोडलं की तो हात उचलायच्या ऐवजी लिंबूच वर ढकलतो.

"तुमचा वरचा फाटलाय," ते म्हणाले.

"पण मला दंडात दुखतं."

"दुखणं तिथं उतरतं. फाटलंय इथं." त्यांनी खांद्याच्या अगदी माथ्यावर बोट टेकवलं. तिथं मला कधीच दुखलं नव्हतं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, म्हणजे तो मोठा स्नायू हा पदर. आणि हे चौघं म्हणजे परकराची नाडी. गिऱ्हाईक काठ बघतं, बुट्टी बघतं, नाडीकडं कोण बघतो? पण नाडी तुटली की दहा हजाराचा शालू असो नाही तर..."

"अहो," मागून शोभा म्हणाली, "दवाखाना आहे हा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हसत होते की काय ते कळलं नाही. मी जे विचारायचं ते विचारून घेतलं. "ऑपरेशन करून टाके घातल्यावर मी पुन्हा साडी फेकीन का?"

"टाके धरले तर," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्यांना धरू दिलं तर."

दुसऱ्या वाक्याकडं मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही.

कुणाचा तरी हात राहिलाय

ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ सुई देऊन हात बधिर करतात. हे मला सांगितलं होतं. पण सांगितलेलं आठवायला डोकं शुद्धीवर लागतं. दुपारी डोळे उघडले तर छातीवर एक हात. गरम, जाडसर, केसाळ. मी डाव्या हातानं बाजूला सारायला गेलो तर हलेना. भिजलेली गोधडी बादलीतून काढताना जशी लागते तसा जड.

"सिस्टर," मी हाक मारली, "कुणाचा तरी हात माझ्या अंगावर राहिलाय."

"तुमचाच आहे आजोबा."

हात माझा आहे यापेक्षा मी आजोबा आहे हे मला जास्त लागलं. शोभा तोंडाला पदर लावून हसत होती. मग हसायची थांबली, आणि तो हात उचलून तिनं माझ्या पोटावर नीट ठेवला. तिनं धरल्याचं मला दिसत होतं, जाणवत मात्र काही नव्हतं. ते बघणं लई विचित्र होतं. तेव्हा मी एक विनोद करणार होतो, तो सुचला नाही.

माझी नाडी

घरी आलो तो काखेत एक उशी, हात झोळीत आणि झोळी कमरेला बांधलेली. दीड महिना असंच राहायचं. परकराच्या नाडीवरून मी डॉक्टरांसमोर एवढं व्याख्यान दिलं होतं, आणि आता मला स्वतःच्या पायजम्याची नाडी बांधता येईना. एका हातानं नाडी बांधून बघा. मी दातांनी प्रयत्न केला. दात नाडीपर्यंत पोचत नाहीत, हे मला साठीला आल्यावर कळलं.

ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी सांगतो. इलास्टिकचे पायजमे आधीच घेऊन ठेवा. शर्ट पुढून बटणांचे, दोन मापं मोठे. डाव्या हातानं चमच्यानं जेवायची सवय आधीपासून करा, नाही तर वरण कानाला लागतं. आणि रात्री आडवं झोपायला मिळणार नाही, आरामखुर्चीत झोपावं लागतं, ते कुणी सांगत नाही.

शोभाचं मशीन बाहेरच्या खोलीत आहे. दिवसभर त्याचा आवाज चालू असतो. मला पाणी हवं झालं, पाठ खाजवायची झाली, उशी सरकली, की मी हाक मारायचो आणि मशीन थांबायचं. मशीन थांबलं की मला चोरासारखं व्हायचं. मग मी हाक मारणं टाळायला लागलो. पाठ भिंतीला घासायचो, म्हशीसारखी. एकदा तिनं पाहिलं आणि म्हणाली, "रंग निघतोय भिंतीचा. हाक मारायला काय झालं?"

"तुझं काम थांबतं."

"ते तसंही थांबतं. तुम्ही गप बसला की मला वाटतं पडले का काय."

हलका लागतोय

खांदा आखडू नये म्हणून रोज हात हलवायचा असतो, पण आपण नाही हलवायचा. दुसऱ्यानं. हे मला समजायला वेळ लागला. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई लहान वयाच्या होत्या, आमच्या पुतणीएवढ्या. त्यांनी मला पाठीवर झोपवलं, हात धरला आणि म्हणाल्या, "काका, हात माझ्याकडं सोडा."

"सोडला."

"नाही सोडला. हलका लागतोय. तुम्ही चोरून उचलताय."

"तुम्हाला त्रास नको म्हणून मदत करतोय."

"मदत नको. तुम्ही उचललं की टाक्यांवर ताण येतो. आता तुमचं काम म्हणजे काहीच न करणं." मग त्या शोभाकडं वळल्या. "काकू, घरी तुम्ही करायचं. हात जड लागला पाहिजे. हलका लागला की समजायचं काका मदत करतायत."

मी आयुष्यभर समोरच्याच्या मदतीला धावलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या तोंडातून रंग निघायच्या आत मी साडी काढतो. त्याला सांगा, काही करू नको. रोज सकाळी शोभा माझ्या मनगटाखाली आणि कोपराखाली हात घालायची, आणि म्हणायची, "हलका लागतोय."

"नाही गं."

"व्हय. मला कळतंय. हातावर घेतली की साडी किती वजनाची ते सांगते मी. तुमचा हात नाय कळणार?"

मी डोळे मिटायचो, गोधडीची आठवण काढायचो, दुसरीकडं लक्ष न्यायचो. हात आपला खांद्याशी पहारा देत बसलेला. दुसऱ्यावर पडायची त्याला सवयच नाही. आणि मग एका सकाळी, मी बाहेर भाजीवाल्याचा आवाज ऐकत होतो, त्या नादात तो सुटला. शोभा एकदम म्हणाली, "बया! हां, आता लागला. लई जड आहे हो तुमचा हात. एवढं घेऊन फिरत होते व्हय?"

तिच्या आवाजात कौतुक होतं. माझ्या हाताचं इतकं कौतुक मी एवढ्या साड्या फेकल्या तेव्हा तिनं कधी केलं नव्हतं. मी काहीच न करता ते मिळालं होतं.

पदर मात्र बरोबर पडला

आता जे झालं ते सांगतो.

शेंद्र्याला शोभाचा भाऊ असतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बस्ता आमच्याच दुकानात बांधला, पण मी घरी झोळीत. साड्या रहीमभाईंनी दाखवल्या. घरचं कार्य आणि साड्या दुसऱ्यानं फेकल्या, हे मला कुठंतरी खुपत होतं. बस्ता बांधून मंडळी मला बघायला घरी आली. माझा मेव्हणा, त्याची बायको मंगलवहिनी आणि नवरी. साखरेचा पुडा आणला होता, आणि सोबत नवरीचा शालू. "भाऊजींना दाखवल्याशिवाय घरी न्यायचा नाय, असं ठरलं होतं आमचं," वहिनी म्हणाल्या.

शोभा चहा करत होती. वहिनींनी शालू उघडला.

कसा उघडला ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत. पदर आत, खोचायचं टोक बाहेर, जरीचा काठ मांडीखाली दाबलेला. शालूची एक निरी अशी पडली होती की डाळिंबी रंग काळपट दिसत होता. मेव्हणा म्हणाला, "दुकानात लई खुलून दिसत होता, नाय का गं?" नवरीचं तोंड उतरलं. "रहीमचाचांनी दाखवला तेव्हा असा नव्हता," ती म्हणाली.

आता रहीमचाचांनी दाखवला तेव्हा असा नव्हता हे वाक्य माझ्या कानात शिरलं, आणि पुढचं मी केलं असं मला म्हणता येत नाही. झोळीतून उजवा हात बाहेर आला. पदराची घडी चिमटीत आली. आणि झटका.

शालू खोलीभर उलगडला. पदर नवरीच्या आईच्या गुडघ्यांवर, जिथं पडायचा तिथंच पडला. डाळिंबी रंगावरचे मोर खिडकीतल्या उन्हात लखकन उठले. "वा!" मेव्हणा ओरडला. नवरी टाळ्या वाजवायला लागली.

माझ्या खांद्याच्या माथ्यावर, जिथं मला कधीच दुखलं नव्हतं, तिथं काहीतरी आतल्या आत सुटलं. जुना दोरा ओढला की तुटतो तसं. आवाज झाला की नाही ते माहीत नाही. मला ऐकू आला.

शोभा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं शालू बघितला, रिकामी झोळी बघितली, माझं तोंड बघितलं. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, चहा घ्या."

त्यानंतर ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पण सकाळी हात उचलायला यायची. बोलायची नाही, उचलायची. हात आता इतका जड होता की तिला विचारायची गरजच नव्हती.

विरलेलं कापड

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले. टाके सुटले होते, आणि स्नायू आखडून मागं सरकला होता. मी म्हटलं, परत घाला टाके.

ते सांगू लागले की कडा खराब झाल्यात, पुन्हा टाके धरतील याचा भरवसा नाही, आणि मला ते पुढचं ऐकू येईना. शोभानं विचारलं, "म्हणजे कापडच विरलंय व्हय? टाका घातला की तिथनं फाटतं, तसं?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग नका घालू," ती म्हणाली. फॉल लावणाऱ्या बाईचा निर्णय होता तो. तिच्या हातून किती विरलेल्या साड्या परत गेल्या असतील.

आता बाकीचे तिघं स्नायू आणि तो पदरवाला मोठा, यांच्याकडून जेवढं काम करून घेता येईल तेवढं घ्यायचं. कुठवर जाईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला रागवायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

दुकानात शेठ म्हणाले, "बसायला या. तोंड चालतंय ना?" तोंड चालतंय. मी आता रहीमभाईंच्या शेजारी बसतो, रंग, पोत, काठ मी सांगतो आणि साडी ते फेकतात. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे मामा फक्त बोलतात का?" रहीमभाई म्हणाले, "हौ. इनो बोलते, मैं फेकता. दोनो मिलके एक सेल्समन." मंडळी हसली. मी हसलो. हसताना खांदा हलतो हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

आता मदत करा

मागच्या आठवड्यापासून व्यायाम बदललाय. ताईंनी सांगितलं, "काका, आता मदत करायची. काकू हात धरतील, पण उचलायचा तुम्ही. काकू, आता हात हलका लागला पाहिजे."

इतके दिवस चोरून जे करत होतो त्याची आता परवानगी मिळाली. मी लई खूश होतो. सकाळी पाठीवर झोपलो, शोभानं मनगट आणि कोपर धरलं. मी दम घेतला आणि लावला जोर. मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. खांद्यात कुठंतरी काहीतरी थरथरत होतं, बाकी काही नाही.

शोभा वाट बघत होती. बाहेरच्या खोलीत मशीनवर एक साडी अर्धी लावून ठेवलेली होती.

"चला," ती म्हणाली, "करा सुरू."

"केलंय."

"कधी?"

"केव्हाचंच."

कोपराखालचा हात तिनं जरा आणखी आत सरकवला, काखेपर्यंत, आणि सगळं वजन स्वतःकडं घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही करत राहा. मी उचलते."